न उरणारे तेल

दिवाळी हा तेलाचा सण आहे असे मी म्हटले, तर कोणी रागावू नये. दिव्यांचा सण म्हणतात ते खरेच. पण दिवा जळतो तो तेलावर. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला चोळायचे तेल वेगळे, पणतीत घालायचे वेगळे आणि चकली तळायच्या कढईतले त्याहून वेगळे. माझ्या लहानपणी आमच्या कळंबच्या घरात कढईत करडईचे तेल असे. आई ही तिन्ही तेले तीन भांड्यांत ठेवी आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेणे तिला मुळीच खपत नसे. "ज्याचं तेल त्याला," एवढेच ती म्हणे. त्या तीन शब्दांत काही तत्त्वज्ञान आहे असे तिला कधी वाटले नसेल, आणि मलाही गेल्या वर्षापर्यंत वाटले नव्हते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात एक चौथे तेल आले. ते काळपट होते, त्याला गंधकाचा उग्र वास होता, आणि त्याने मला जे अभ्यंग घातले त्याचा चटचटीतपणा अजून अंगावरून गेलेला नाही.

घडले ते असे. आमच्या मधल्या खोलीत, न्हाणीच्या बाजूच्या भिंतीवर, ओलीचा एक डाग होता. दर वर्षी दिवाळीच्या सफाईत आम्ही त्यावर चुन्याचा हात मारीत असू, आणि दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास तो पुन्हा डोके वर काढी. नातवंडांनी त्याचे नाव 'नकाशा' ठेवले होते. प्रथम तो गोव्याएवढा होता. वाढत वाढत महाराष्ट्राएवढा झाला आणि त्याची एक कड कर्नाटकात शिरू लागली. तेव्हा सूनबाई म्हणाली, "मामा, या वर्षी चुना नको. भिंतच फोडा." चुना लावून वर्ष काढण्याचा माझा शिरस्ता तिने एका वाक्यात मोडून टाकला.

पाइपाचे काम करणारा गावातलाच एक तरुण आला. आय.टी.आय.तून शिकलेला. त्याने गिलावा काढला, गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा लोखंडी पाइप मोकळा केला, पाना लावून एल्बो फिरवला आणि पाइपाचे टोक फडक्याने पुसून माझ्यापुढे धरले.

"गुरुजी, चष्मा लावून बघा. हे आटे कापल्यालं न्हाईत, फाडल्यालं हायेत."

मी चष्म्यावर भिंगही धरले. एकीकडे आट्यांच्या धारा तुटलेल्या, दुसरीकडे कोणी नखाने ओरबाडावे तशा चिरा. त्यांतून गंज खाली उतरलेला. शेजारी त्याने नव्या पाइपावर स्वतः पाडलेले आटे ठेवले. ते मात्र एखाद्या सुबक अक्षराच्या वहीसारखे, एकासारखा एक, आणि बोट फिरवले तर कुठे न अडखळणारे.

"फरक कशाचा?" मी विचारले.

"तेलाचा," तो म्हणाला, आणि त्या काळपट तेलाचा डबा त्याने पायाने माझ्याकडे सरकवला.

त्या डब्याकडे पाहिले आणि तेवीस-चोवीस वर्षांपूर्वीची एक यादी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पण त्या यादीकडे वळण्यापूर्वी हे तेल काय करते ते सांगायला हवे. कारण ते मला सत्तरीत समजले, आणि वाचकांपैकी कित्येकांना तेवढीही वेळ आलेली नसेल.

अर्ध्या इंची पाइपावर एका इंचात 14 आटे असतात. एक इंचीवर 11. ते सरळ नसून किंचित निमुळते असतात, 16 मापांमागे 1 माप. म्हणून एल्बो जसजसा फिरवावा तसतसा तो घट्ट बसत जातो. अर्ध्या इंची पाइपाची भिंत ती केवढी! अडीच-पावणेतीन मिलिमीटर. त्यातले मिलिमीटरहून थोडे अधिक आट्यांत जाते, आणि वरचा जस्ताचा मुलामा तर तिथे पुरताच जातो. म्हणजे सगळ्या पाइपात जी जागा सर्वांत दुबळी, तिथेच पाणी अडवून धरण्याचे काम असते. हे आटे पाडणारी जी डाय, तिचे दात पोलादात घुसतात तेव्हा कापाच्या टोकाशी एवढा दाब आणि एवढी उष्णता उत्पन्न होते की निघालेला कीस दातालाच चिकटून बसतो. मग पुढचा आटा दात कापीत नाही; दाताला चिकटलेला लोखंडाचा गोळा तो ओरबाडून काढतो. चांगले तेल दात आणि कीस यांच्यामध्ये शिरते, घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, आणि त्यातले गंधक त्या तापलेल्या जागी एक पातळ थर धरून चिकटण्याला आडकाठी करते. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या इंजिनियराने 1880 च्या दशकात धातू कापणाऱ्या हत्यारावर पाण्याची जाड धार सोडून पाहिली, तर कापण्याचा वेग तीस-चाळीस टक्क्यांनी वाढवता आला. त्याने ते सारे प्रयोग 1906 साली एका मोठ्या निबंधात मांडले. ती गोष्ट लेथवरच्या वेगाची. पाइपावरचे काम संथ आणि जोराचे. तिथे नुसत्या थंडाव्याने भागत नाही, ओशटपणा हवा. म्हणून तेल, आणि तेही त्याच कामाचे. इंजिनातले जळके तेल चालत नाही. ते दोन फिरत्या भागांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी केलेले. शिवाय त्यात काजळी आणि धातूचा बारीक चुरा. हाताच्या कातडीलाही ते वाईट, आणि पिण्याच्या पाण्याच्या पाइपात तर त्याचे नावही नको.

आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. काम झाले की हे चांगले तेलही पुसून टाकायचे. पाइपात पाणी खेळवून आतला भाग धुऊन घ्यायचा. आट्यांवर सुतळी आणि सफेदा लावून सांधा आवळला, की तेथे तेल होते याची खूणसुद्धा राहत नाही. पाइप राहतो, एल्बो राहतो, सुतळी राहते. तेल राहत नाही.

आता ती यादी. 2001 साली मी हे घर बांधले. प्राथमिक शिक्षकाचा पगार, डोक्यावर सोसायटीचे कर्ज, आणि प्रत्येक रुपयाला दोनदा विचारून मगच खिशाबाहेर सोडायची सवय. पाइपाचे काम एका वयस्कर मिस्त्रींना दिले होते. त्यांनी कागदावर सामान लिहून आणले: पाइप इतके, एल्बो इतके, टी, युनियन, सुतळी, सफेदा, आणि शेवटी 'कटिंग ऑइल, डबा एक'. मुलांच्या वह्या तपासून लाल शाईचा हात मला बसलेलाच होता. मी शेवटची ओळ खोडली.

"हे तेल पाइपात राहणार आहे का, मिस्त्री?"

"न्हाई, गुरुजी. ऱ्हात न्हाई."

"मग जे राहत नाही त्याचे पैसे कशाला?"

मिस्त्री क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी वाद घातला नाही. समोरच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजातून जळक्या तेलाचा एक टमरेल मागून आणला आणि कामाला लागले. मला मात्र आपण फार व्यवहारचातुर्य दाखवले असे वाटले. संध्याकाळी घरात मी ती गोष्ट कौतुकाने सांगितलीही.

दोन-तीन वर्षांनी भिंतीवर गोवा उमटला. तेव्हा मी काय केले? चावडीजवळच्या पारावर बसून, विचारील त्याला आणि न विचारील त्यालाही सांगितले, की त्या मिस्त्रींच्या हाताला आता काम देऊ नका. गुरुजींचा शब्द गावात खोटा मानीत नाहीत. आमच्या आळीतली पुढची तीन घरे दुसऱ्यांनी केली.

इथे प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ पाइपाचा नाही. जे केल्याचे कोणाला दिसणार नाही आणि न केल्याचेही कोणाला दिसणार नाही, ते माणसाने का करावे?

याला एक उत्तर तयार असते: वरचा पाहतो. ते उत्तर मी खोडीत नाही. पण त्याच्या भरवशावर आपण फार कामे ढकलली आहेत असे मला वाटते. दुसरे उत्तर शहाण्या माणसांचे: पुढे आपल्यालाच फटका बसतो. हे तर साफ खोटे. फटका बसतो, पण बहुधा दुसऱ्याला. मी नोकरीला लागलो तेव्हा, 1980 नंतरच्या वर्षांत, कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेसमोर हापसा होता. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्याला विहिरींचा तळ दाखवल्यानंतर बोअर आणि हापसे आले. गावोगाव दिसणारा जो 'इंडिया मार्क टू', त्याची घडण आपल्याच शेजारी झालेली आहे. जालन्याचा आणि सोलापूरचा, असे दोन पंप त्याचे पूर्वज. जमिनीत त्याचा सिलिंडर तीस मीटर खोल सोडायचा, तर तीन-तीन मीटरांचे दहा पाइप आट्यांनी एकमेकांना जोडावे लागतात. शाळेसमोरच्या त्या हापशाला पहिले पंधरा-वीस हापसे पाणीच येत नसे. बाया घागर खाली ठेवून कोरडाच दांडा हाणीत, आणि मग कुठे धार लागे. वरचे पाणी रात्रीतून खाली उतरून गेलेले असे. असे तळाच्या झडपेमुळेही होते. पण दुरुस्तीवाल्यांनी पाइप वर ओढले तेव्हा दोन सांध्यांचे आटे फाटलेले निघाले. ज्याने ते पाडले तो कुठल्या गावचा, ज्याने त्याच्या तेलाचे पैसे वाचवले तो कुठल्या कचेरीतला, हे कोणाला ठाऊक! हिशेब मात्र रोज पहाटे चुकता होत होता: प्रत्येक बाईच्या खांद्यातून, पंधरा-वीस कोरड्या हापशांनी. तेव्हा मी त्या अनोळखी माणसाला मनसोक्त नावे ठेवली होती. पुढे वीस वर्षांनी यादीतली ओळ खोडताना मला त्याची आठवण झाली नाही. माणसाची स्मरणशक्ती दुसऱ्याच्या चुकांसाठी निराळी आणि आपल्या चुकांसाठी निराळी केलेली असते.

पाण्याचेही तसेच. सेकंदाला एक थेंब गळणारा सांधा आपण गळका म्हणतच नाही. 'जरा पाझरतो' म्हणतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर हा पाझर दिवसाला चार लिटरांहून जास्त होतो आणि वर्षाला दीड हजारांहून. आमच्या कळंबच्या अंगावरून मांजरा वाहते. खाली धनेगावला तिच्यावर धरण आहे, आणि लातूर शहराची तहान त्या धरणावर अवलंबून. 2016 साली ते धरण आटले आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेच्या डब्यांतून पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला 10 डबे होते, आणि त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी. त्या बातम्या मी वर्तमानपत्रात वाचत होतो, हळहळत होतो, आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीवर नकाशा शांतपणे वाढत होता.

तेव्हा फटक्याच्या भीतीवर चांगले काम उभे राहत नाही. मग ते कशावर उभे राहते?

मला वाटते, प्रत्येक धंद्यात एक न उरणारे तेल असते. मी चाळीस मुलांच्या वर्गावर जाण्याआधी आदल्या रात्री कंदिलाशी बसून उद्याचा धडा वाचीत असे. साहेब शाळा तपासायला येत तेव्हा त्यांनी वह्या पाहिल्या, हजेरीपट पाहिला, भिंतीवरचे तक्ते पाहिले. ते रात्रीचे वाचन काही त्यांना दिसले नाही, आणि दिसण्याचे कारणही नव्हते. ते धड्यात विरून गेलेले होते. बायको आदल्या रात्री डाळ निवडून भिजत घालते. पुरण खाताना त्या निवडण्याचा कोणाला पत्ता नसतो, खडा लागला तरच लागतो. ज्या गोष्टी वस्तूत उरत नाहीत पण वस्तू जिच्यावाचून बिघडते, त्यांतच करणाऱ्याचे मन सर्वांत जास्त असते. उरलेले सारे मापता येते आणि म्हणून त्याचे पैसेही मागता येतात. आणि नेमके हेच, जे मागता येत नाही, ते काटकसर करणारा माणूस पहिल्यांदा छाटतो. माझ्या रात्रीच्या वाचनावर कोणी लाल रेघ ओढली असती आणि वर माझ्या धड्याला नावे ठेवली असती, तर मी काय केले असते? मिस्त्रींना मी ते दोन्ही केले होते.

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, कारागिराने ऐकायचेच नव्हते. तेलावाचून काम करणार नाही म्हणून उठून जायला हवे होते. हा आक्षेप मी स्वतःच स्वतःच्या बचावासाठी पुष्कळ दिवस घोळवला. पण घरी चूल पेटायची आहे, हातात एक काम आहे आणि पुढचे कुठे दिसत नाही, अशा माणसाने उठून जावे, ही अपेक्षा ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने करणे मला आता लाजिरवाणे वाटते. प्रामाणिकपणा कारागिराचा असतो हे खरे. पण त्याचा खर्च पुष्कळदा मालकाच्या हातात असतो. मी डब्याचे पैसे वाचवले असे समजत होतो. वास्तविक मी एका माणसाच्या प्रामाणिकपणाचा भाव पाडून घेतला होता, आणि तो पडल्यावर तोच कसा पडला म्हणून ओरडत होतो.

आणि फाटलेले आटेसुद्धा काही दिवस धरतात, ही आणखी एक फसगत. सुतळीचे दोन वेढे जास्त घ्यायचे, सफेदा जाड लावायचा, की सांधा दोन-तीन वर्षे कोरडा राहतो. मनालाही असा सफेदा असतो. 'मिस्त्रीचा हातच वाईट' हा मी माझ्या सांध्याला लावलेला सफेदा होता. तो वीस वर्षे टिकला. लोखंडापेक्षा मन अधिक काळ कोरडे राहू शकते.

कळंबहून तेर काही फार लांब नाही. तेरचे गोरोबाकाका कुंभार. संतमंडळी जमली असताना त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले, आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. मी ती वर्गात कितीदा सांगितली असेल. पण मडक्याचे एक बरे असते. ते वाजवले की आपले कच्चेपण कबूल करते. पाइपाचा सांधा तसा बोलत नाही. तो भिंतीत गेला की वर्षानुवर्षे मौन धरतो. आणि माझ्यासारखी माणसे थापटणे हातात घेऊन जन्मभर दुसऱ्यांची डोकी वाजवीत बसतात. आपल्या डोक्यावर एकदा मारून पाहावे हे सुचत नाही, कारण थापटणे आपल्याच हातात असते.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन त्या मिस्त्रींकडे गेलो. ते आता थकले आहेत. दारातल्या बाजेवर ऊन खात बसले होते. मी इकडचे-तिकडचे बोललो, आणि मग बोलून टाकले, "मिस्त्री, त्या वेळी तेलाचा डबा मी खोडला होता."

"व्हय की, गुरुजी. ध्यानात हाय."

"मग मी तुम्हाला पारावर नावे ठेवीत होतो, तेव्हा तुम्ही लोकांना का नाही सांगितले?"

"सांगून काय करू? आटे तर माझ्याच हातचे." त्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून ठेवला. "आन् खरं सांगू का? माझ्या डायीचं दात बी झिजलं व्हतं. नवा संच घ्यायला पैसं नव्हतं. ते म्या तुमाला सांगितलं न्हाई. तेल असतं तर भागलं असतं का, कुणाला ठावं."

मी क्षमा मागायला गेलो होतो. मला वाटले होते सगळा दोष आपला म्हणून पुढे करावा आणि मोकळे व्हावे. त्यांनी मला तेवढे मोठेपणही घेऊ दिले नाही. त्यांचा वाटा त्यांनी स्वतःपाशी ठेवून घेतला आणि माझा वाटा, जेवढा होता तेवढाच, माझ्या हातात परत दिला. इतका चोख हिशेब मी कोणत्याही यादीत पाहिलेला नाही.

घरी येताना मी पारावर थांबलो आणि जे तिथे बोललो होतो ते तिथेच परत घेतले. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना मूळ गोष्टच आठवत नव्हती. त्या तीन घरांची मजुरी मात्र मला कुठूनही परत आणता आली नाही.

आता आमच्या भिंतीवर नकाशा नाही. नातवंडांना थोडे चुकल्याचुकल्यासारखे होते. त्या तरुणाने काम संपल्यावर उरलेल्या तेलाचा डबा परत नेला नाही. "पैसे तुम्ही दिल्यात, गुरुजी, तुमचाच हाय," म्हणाला. तो न्हाणीतल्या फळीवर, पणत्यांच्या तेलापासून जरा दूर ठेवला आहे. कोणाची गफलत होऊ नये म्हणून सूनबाईने त्यावर चिठ्ठी डकवली: 'पाइपाचे'. आई असती तर तिला ती चिठ्ठी आवडली असती.